आभारांची यादी रोज तीच होते, समाधान मात्र येत नाही

कोपरीकर:
रात्री झोपण्याआधी देवाचे आभार मानायची सवय लावतोय. पण घर, नोकरी, आरोग्य, मुलं एवढंच निघतं, आणि ते म्हणतानाच समोरच्या नव्या टॉवरमधले फ्लॅट डोळ्यांपुढे येतात. वाईट दिवशी आभार खोटे वाटतात. रोज ठाणे-वाशी करणाऱ्याला झेपेल अशी पद्धत आहे का? कॅथलिक असो वा प्रोटेस्टंट, कुणीही सांगा.

सांजप्रार्थना:
घर, नोकरी, आरोग्य हे शब्द इतके मोठे आहेत की त्यांत आजचा दिवस दिसतच नाही, म्हणून मन भटकतं. संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी शिकवलेलं दिवसाचं परीक्षण करून बघा. पायऱ्या पाच: आधी आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं, दिवसाची तासातासाने उजळणी, क्षमायाचना, आणि उद्यासाठी एक निश्चय. सगळं मिळून १० ते १५ मिनिटं.

आभार पहिले आहेत ते मुद्दाम. चुकांपासून सुरुवात केली की माणूस स्वतःवरच खटला चालवतो, आणि मग देवाच्या दयेकडे लक्षच जात नाही. आभारही बारीक हवेत: तुर्भ्याला कुणीतरी सरकून चौथी सीट दिली, साहेबांनी चूक चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांगितली. प्रत्येक गोष्टीला विचारा, हे कुणाच्या हातून आलं? दोन-तीन पुरेत, पण त्यांच्यापाशी थोडं थांबा. भराभर वीस मोजले तर पुन्हा यादीच होते.

आणि हे अंथरुणात करू नका, तिसऱ्या पायरीलाच झोप लागते. परतीच्या लोकलमध्ये वाशीहून ठाण्यापर्यंत पुरेसा वेळ मिळतो.

स्तोत्रवाचक:
वाईट दिवसाबद्दल थोडं. त्या दिवशी आधी गाऱ्हाणं घाला. बायबलमध्ये त्याला पूर्ण मुभा आहे. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ सहाच ओव्यांचं आहे. 'किती वेळ, परमेश्वरा?' असं विचारत सुरू होतं आणि शेवटी गाण्यावर येतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आपला मित्र लाजर याच्या कबरीजवळ येशू स्वतः रडला. दुःख दाबून मानलेले आभार मनाला खोटे वाटणारच. घरात मारहाण होत असेल तर 'आभार मान आणि सोस' असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका, मदत मागा. दोन आठवड्यांहून अधिक झोप-भूक उडाली असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा.

घरच्यांसोबत करायचं असेल तर स्तोत्र १३६ घ्या. २६ ओव्या, आणि प्रत्येकीत देवाची दया सनातन आहे हे पालुपद. एकाने पहिला भाग वाचायचा, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं. मग त्याच चालीवर घरातल्या आठवड्याच्या चार-पाच ओळी जोडायच्या. मुलं यात मोठ्यांपेक्षा पटकन रमतात.

गावठाण_ठाणे:
टॉवरच्या फ्लॅटचं उत्तर येशूचा प्रेषित पौल याच्याकडे आहे. फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, पत्र लिहिताना तो कैदेत होता. अध्याय ४ मध्ये म्हणतो की मिळेल त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे. म्हणजे ही तृप्ती त्यालाही आयती मिळालेली नव्हती. त्याच अध्यायात तो त्यांनी एपफ्रदीत नावाच्या सोबत्याच्या हाती पाठवलेल्या मदतीची पोचही देतो. तृप्त असलेला माणूस मदत घेतो आणि देणाऱ्याला मोकळेपणाने धन्यवाद देतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून आठवड्यातून एकदा एखाद्या माणसाला नेमकं काय, केव्हा केलंत ते सांगून धन्यवाद द्या. मोघम 'थँक्यू' पुरत नाही. दुसरं, पगार आला की हप्ता आणि किराणा यांच्या आधी देवाचा भाग बाजूला काढा, रक्कम लहान असली तरी चालेल. शेवटी उरलेल्यातून द्यायचं ठरवलं की सहसा काही उरत नाही. आपल्या ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे भागातल्या मूळच्या कॅथलिक) समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला, म्हणजे कापणीच्या सणाला, भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, त्यामागची रीत हीच: आधी देवाचं, मग आपल्या ताटातलं.

कोपरीकर:
आभारी आहे. हे सगळं एकदम सुरू करू का?

सांजप्रार्थना:
नको. या महिन्यात फक्त लोकलमधलं परीक्षण, आणि घाईच्या दिवशी त्यातली पहिली पायरी तेवढीच. गर्दीत डोळे मिटता येत नसतील तर उघडे ठेवूनही चालतं. स्तोत्र १३६ रविवारच्या जेवणाआधी घ्या.