स्विच-ऑनला ५ महिने झाले, प्रगती नक्की लिहायची कशी?

चिऊची_आई (सिडको, नाशिक)
नमस्कार, मुलगी सव्वादोन वर्षांची, ऑपरेशन करून कानात ऐकायचं यंत्र, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, बसवलंय, ते पहिल्यांदा चालू करून (स्विच-ऑन) ५ महिने झाले. ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीला गेलं की मॅडम विचारतात या आठवड्यात नवीन काय, आणि मला काही म्हणजे काही आठवत नाही, घरी दिवसभर काही ना काही चालू असतं पण तिथं "बरंय" एवढंच तोंडातून निघतं. काल मी भात कालवत होते आणि घंटागाडी आली तर हिने हातातला चमचा तसाच धरला, दाराकडे बघितलं आणि मग कानाला बोट लावलं. पण शब्द एकही नाही. सासूबाई म्हणतात समोरच्यांचा मुलगा हिच्याच वयाचा, वाक्यंच्या वाक्यं बोलतो. रात्री झोप लागत नाही हो. तुम्ही कसं लिहून ठेवता?

देवळालीचा_बाबा
ताई आधी ते सव्वादोन वर्षं बाजूला ठेवा. ऐकायचं वय स्विच-ऑनपासून मोजायचं, म्हणजे चिऊ ५ महिन्यांची. समोरचा मुलगा जन्मल्यापासून ऐकतोय, त्याची बरोबरी आत्ता लावूच नका, सासूबाईंनाही हेच सांगा, आमच्या आईला हे पटायला वर्ष गेलं पण पटलं.

मी साधी शंभरपानी वही केली होती. तारीख, आवाज कुठला, किती लांबून, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो दिसत होता का नव्हता. घंटागाडी खिडकीतून दिसली असेल तर ती नोंद वेगळी, न दिसता वळली असेल तर वेगळी. "छान ऐकलं" असं लिहू नका, चमचा तसाच धरला हे लिहा, थेरपिस्टला तेच हवं असतं.

आणि वहीचा दुसरा उपयोग आम्हाला पावसाळ्यात कळला. आम्ही रोज एकेक ध्वनी म्हणून बघायचो, पोरगा "स" ला मान वळवायचा, अचानक ४ दिवस काहीच नाही, "म" आणि "ऊ" ला मात्र बरोबर बघायचा. हट्ट करतोय म्हणून मी त्याला रागावलो, अजून वाईट वाटतं. यंत्राच्या मायक्रोफोनचं कव्हर दमट होऊन बंद झालेलं निघालं. कव्हर बदललं आणि त्याच संध्याकाळी "स" परत.

गंगापूररोड_ऑडिओ
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. वर दादा सांगतायत ती डॅनियल लिंग (Ling) या तज्ज्ञांच्या नावाची सहा ध्वनींची तपासणी, आ, ऊ, ई, श, स, म. म खालच्या पट्टीचा, स सगळ्यात वरच्या, त्यामुळे बोलण्याचा पूर्ण पट्टा पोचतोय का ते दोन मिनिटात कळतं. रोज सकाळी प्रोसेसर (कानावर लावायचा यंत्राचा बाहेरचा भाग) लावला की करा. तिच्या बाजूला किंवा थोडं मागे बसा म्हणजे ओठ दिसणार नाहीत, तोंडावर हात नको, आवाज बदलतो. क्रम रोज बदला आणि मध्येच एकदा गप्प बसून बघा, मुलं फार हुशार असतात, तालावर अंदाजाने मान वळवतात. आधी एक मीटरवरून, मग हळूहळू तीन.

लिटलइअर्स म्हणून ३५ प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली असते, ऐकायच्या वयाच्या पहिल्या २ वर्षांसाठी, तुमच्या थेरपिस्टकडे मागा आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी भरा. मागचा कागद शेजारी ठेवला की पुढे सरकलंय का ते दिसतं. प्रोसेसर दिवसात किती तास कानावर होता तेही लिहा, जागी असेल तेवढा वेळ हवाच. मॅपिंगला, म्हणजे यंत्राचं सेटिंग जुळवायला जाताना वही नक्की न्या. एखादा ध्वनी सतत चुकत असेल किंवा आधी यायचा तो बंद झाला असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच फोन करा.

पंचवटीची_आजी
मी नातवाची वही लिहायचे. मधल्या खोलीतून कुकरची शिट्टी, नळाला पाणी, देवघरातली घंटा. बोलणं नव्हतं तेव्हा त्याची बडबड पण लिहायचे, आज "बाबाबा", आज नुसताच सूर लांबवला. पहिला शब्द "पापी" आला, पाणी म्हणायचं होतं त्याला, मी तसाच लिहिला. सासूबाईंच्याच हातात वही द्या ना, मग बघा त्याच कशा हरखून सांगतील.

चिऊची_आई
वाचताना रडू आलं. आज सकाळी करून बघितलं, मागे बसून. आ, ऊ, म ला वळली, ई ला दोनदा म्हटल्यावर, श आणि स ला नाही. प्रोसेसर तपासून घेते आणि उद्याच फोन करते. वही सासूबाईंनी घेतलीय, पहिलं वाक्य त्यांनीच लिहिलं, "कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला बघितलं, पहिलीला नाही."