'डिअर मामा'मागची आई, आणि 'द मेसेज'

रॅप गाण्यांच्या यादीत अमेरिकन रॅपर टूपॅकच्या 'डिअर मामा' या आईवरच्या गाण्याबद्दल छान लिहिलंय, पण त्याच्या आईची आधीची गोष्ट त्यात यायलाच हवी. आई अफेनी शकूर काळ्या अमेरिकनांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षात होत्या. न्यूयॉर्कमध्ये पक्षाच्या लोकांवर चाललेल्या बॉम्बस्फोटांच्या कटाच्या खटल्यात, पोटात बाळ असताना, त्यांनी वकील न घेता स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि मे १९७१ मध्ये निर्दोष सुटल्या. पुढच्याच महिन्यात टूपॅक जन्मला. नंतर त्या व्यसनात अडकल्या, माय-लेकात दुरावा आला. १९९५ च्या या गाण्यात तो त्यातलं काहीच झाकत नाही आणि तरीही तिला राणी म्हणतो. मला गाण्याचा खरा जीव इथेच वाटतो.

माझ्याकडून या यादीत 'द मेसेज' (१९८२) हे रॅप गाणं घाला. नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या ग्रुपचं, पण बरंचसं गाणं लिहिलं ग्रुपबाहेरच्या ड्यूक बूटी या संगीतकाराने. गरीब वस्तीतल्या जगण्यावरच्या अशा गंभीर गाण्याला ग्रुप तयारच नव्हता. शुगर हिल रेकॉर्ड्स या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन मागेच लागल्या. शेवटी ग्रुपमधला एकटा मेली मेल रॅप करायला उभा राहिला, सोबत बूटी. तुरुंगात संपणाऱ्या पोराचं ते शेवटचं कडवं तर मेलने ग्रुपच्या १९७९ च्या 'सुपररॅपिन' या गाण्यातच म्हटलं होतं! दोन्ही गाणी लागोपाठ ऐका, तेच शब्द इथे किती जड होतात ते कळेल.