जागतिक आरोग्य संघटनेला आपण वर्गणी का द्यावी?

रावपुरेकर: अमेरिका बाहेर पडली तशी भारतानेही जागतिक आरोग्य संघटना सोडावी, कारण ती श्रीमंतांच्या ताटाखालचे मांजर आहे, असे काल मांडवीकरांनी येथे लिहिले. निदान बरेचसे बरोबर असले तरी उपाय उलटा आहे. संघटनेच्या खर्चात सदस्य देशांच्या ठरलेल्या वर्गणीचा वाटा कित्येक वर्षे पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता. उरलेला पैसा देणग्यांचा, आणि त्यातला बहुतेक कशावर खर्चायचा हे देणाराच ठरवतो. म्हणून मे २०२२ मध्ये सदस्य देशांनी वर्गणीचा वाटा २०३०-३१ पर्यंत मूळ अर्थसंकल्पाच्या निम्म्यावर नेण्याचे ठरवले. आता आपणच वर्गणी थांबवली तर ज्यांच्या ताटाखाली ते मांजर आहे, त्यांचेच फावेल.

मांडवीकर: अर्थसंकल्पाचे धडे नकोत. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ जाहीर झाली, तेव्हा प्रवासबंदीची गरज नाही असे संघटनेने सांगूनही आखाती देशांनी विमाने बंद केली आणि माझ्या वडिलांचा भाजीपाल्याचा माल पडल्या जागी सडला. त्यांना भरपाई कोणी दिली? सुरत नंतर स्वच्छ झाली ती पालिका आयुक्त एस. आर. राव यांच्यामुळे, जिनिव्हातल्या या संघटनेमुळे नव्हे.

फतेगंजच्या ताई: सुरतेचा विषय काढलाच आहे, तर पुढचेही ऐका. त्याच आठवड्यात माझी आत्या मुलांना घेऊन सुरतेहून आमच्याकडे आली, तेव्हा इमारतीतील सुशिक्षित मंडळींनी तिला जिना चढू दिला नाही, आणि त्याच मंडळींनी प्लेगवरच्या टेट्रासायक्लिन गोळ्यांचे डबे घरात भरून ठेवले होते. आत्या आजही त्या घरांतले पाणी घेत नाही.

मांडवीकर: साथीच्या दिवसांत सावध राहणे हा गुन्हा नाही, ताई.

फतेगंजच्या ताई: मग दुबईही सावधच होती, असे म्हणा आणि वडिलांच्या मालाचे रडगाणे थांबवा.

मांडवीकर: माझ्या वडिलांपर्यंत जाण्याचे कारण नव्हते.

रावपुरेकर: दोघांनीही आवाज खाली आणावा, पण हा वाद अवांतर नाही. रोग कळवणाऱ्यालाच शिक्षा होते, या सुरतेच्या अनुभवामुळेही आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ मध्ये बदलले आणि जादा निर्बंध घालणाऱ्या देशावर शास्त्रीय कारण देण्याचे बंधन आले. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची माहिती तत्परतेने दिली आणि बक्षीस म्हणून तिला प्रवासबंदी मिळाली. नियम आहे, दंड नाही, एवढे मांडवीकरांचे खरे.

जुना औषधवाला: विमानांवर इतके बोललात, लशींवर कोणीच नाही. अलेम्बिक १९०७ पासून ज्या बडोद्यात औषधे बनवते, तेथे तरी हे शोभत नाही. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने संघटनेला देणे थांबवले, कारण त्या विषाणूपासून बनणारी लस तिच्याच नागरिकांना परवडणार नव्हती. त्या आडमुठेपणाशिवाय नमुने देणाऱ्या देशांनाही लशींचा वाटा मिळावा यासाठीची २०११ ची नमुने आणि लाभवाटपाची चौकट झाली असती, असे मला वाटत नाही. संघटनेच्या मे २०२५ च्या महासाथ करारात सहभागी उत्पादकांनी साथीच्या काळातील उत्पादनाच्या २० टक्के (त्यात एकूण उत्पादनाच्या किमान १० टक्के मोफत) संघटनेला उपलब्ध करण्याचे सूत्र आहे. आणि गरीब देशांना कोविड लस पोहोचवणाऱ्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेने २०२१ अखेरपर्यंत २०० कोटी मात्रांचे लक्ष्य ठेवले असताना त्याच्या निम्म्याही पोहोचल्या नाहीत, याचे एक कारण आपण थांबवलेली निर्यात होती, हेही लिहून ठेवा.

मांडवीकर: स्वतःच्या घरात प्रेते मोजत असताना लस बाहेर पाठवायची होती काय?

जुना औषधवाला: नव्हती. पण मग प्रत्येक श्रीमंत देशाचे उत्तर हेच असते, आणि म्हणूनच वाटपाचे सूत्र साथ येण्याआधी ठरवावे लागते.

मांडवीकर: बरे, वर्गणी भरा, उगाच टाळ्या नकोत. मात्र वर्गणी थकवणाऱ्या देशाचा मताधिकार रोखण्याची तरतूद संघटनेच्या घटनेच्या सातव्या कलमात आहे, मग नियम मोडून विमाने बंद करणाऱ्याचा का रोखू नये?

फतेगंजच्या ताई: हे काल लिहिले असते तर आत्याला मध्ये आणावे लागले नसते. पण तो ठराव मांडायलाही आत राहावेच लागेल.