शरीर जुनं, दिनक्रम नवा: पूर्वजांसारखं जगणं हा उपाय आहे का?

पायवाट (धागाकर्ता)
आपली प्रजाती सुमारे ३ लाख वर्षांची. शेती आली १० ते १२ हजार वर्षांपूर्वी आणि विजेचा दिवा तर जेमतेम दीडशे वर्षांचा. भोवतालचं सगळं बदललं, शरीर मात्र तेच राहिलं. टाइप २ मधुमेह, लठ्ठपणा, पाठदुखी, लहान वयातला चष्मा हे या विसंगतीचे आजार आहेत, असं माझं ठाम मत आहे. जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली होती: सुकाळात चरबी साठवणारे दुष्काळात तगले, आता दुष्काळ येत नाही, पण साठवण चालूच आहे. म्हणून दिनक्रम शक्य तितका मागे न्यावा. खुर्ची सोडा, अनवाणी पळा, दूध आणि धान्य बंद करा, अंधार पडला की झोपा.

अनुमान
तुम्ही केलेलं निदान निम्मं मान्य, उपाय बहुतेक अमान्य.

‘शरीर तेच राहिलं’ हेच आधी चूक आहे. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर सस्तन प्राण्यांत अंगावरचं दूध सुटल्यावर घटतं. पण गुरं पाळणाऱ्या समाजांत ते मोठेपणीही चालू ठेवणारे जनुकीय बदल गेल्या १० हजार वर्षांत आले, आफ्रिकेत वेगळे आणि युरोपात वेगळे. ज्याला दूध प्यायल्यावर पोट फुगतं, जुलाब होतात, त्याने ते टाळावं. बाकीच्यांनी पूर्वजांच्या नावाने ते का सोडायचं?

काटकसरी जनुकावरचा जीवशास्त्रज्ञ जॉन स्पीकमन यांचा आक्षेपही विचारात घ्या. दुष्काळात मुख्यतः लहान मुलं आणि वृद्ध दगावतात, म्हणजे संततीच्या वयातल्या सडपातळ माणसांची छाटणी फारशी होत नाही. शिवाय निवड एवढी कडक असती, तर आज भरपूर अन्न असलेल्या समाजात जवळपास सगळेच लठ्ठ दिसायला हवे होते. तसं नाही.

झोपेचंही तेच. हाद्झा, सान आणि त्सिमाने या वीज नसलेल्या तीन समाजांची झोप मोजली गेली, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. प्रत्यक्ष झोप रात्री ५.७ ते ७.१ तास, आणि ती लागायची सूर्यास्तानंतर सरासरी ३.३ तासांनी. अंधार पडताच झोपणारा पूर्वज हे आपण मनात रंगवलेलं चित्र आहे.

पायवाट
झोपेच्या वेळेबद्दल बरोबर आहे, पण तो काळोख आजच्या खोलीसारखा नव्हता. नेत्रपटलातल्या ज्या पेशी मेंदूला ‘दिवस आहे’ असं कळवतात, त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. शेकोटीत हा भाग अगदी कमी, पांढऱ्या एलईडीत भरपूर. झोपण्याआधीचे दोन तास छतावरचे दिवे बंद, एकच पिवळसर दिवा आणि तोही डोळ्यांच्या पातळीखाली, एवढं तरी करावं.

अनुमान
याला माझा विरोध नाही. पण बसण्याचं काय? हाद्झा लोकही दिवसाचे जवळपास १० तास विश्रांतीत घालवतात.

पायवाट
घालवतात, पण खुर्चीत नाही. त्यातला बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात. उकिडवं बसताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू हलकेसे ताणलेले राहतात. पाठ टेकून बसलं की ते जवळजवळ गप्प होतात. विसंगती तासांमध्ये नाही, गप्प स्नायूंमध्ये आहे. म्हणून दर अर्ध्या तासाला ५ मिनिटं चालावं, जेवणानंतर तर नक्कीच. जेवणानंतरची रक्तशर्करा त्याने कमी चढते. नुसतं उभं राहून काम करण्याचा तेवढा उपयोग नाही, उलट पाय आणि कंबर धरते.

चवडा
अनवाणी पळण्याबद्दल मात्र कृपया घाई करू नका. अनवाणी पळण्याची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर उतरतात, टाचेवर नाही, हे उत्क्रांतीचे अभ्यासक डॅनियल लीबरमन यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं. लोकांनी तेवढंच वाचलं आणि बूट काढले. चवड्यावर उतरलं की भार गुडघ्यावरून पोटरी, टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि पायाच्या बोटांमागच्या लांब हाडांवर सरकतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, हाड आणि कंडरा यांना महिने लागतात. या फरकामुळेच हाडाला सूक्ष्म तडे जातात.

आधी काही आठवडे घरात अनवाणी चालणं आणि रोज पोटरीचे व्यायाम. मग मऊ जमिनीवर एक दिवसाआड ५ मिनिटं पळणं, बाकी अंतर नेहमीच्या बुटांत. बोटाने दाबल्यावर एखाद्या हाडावर एकाच ठिकाणी दुखत असेल तर तिथेच थांबा. पोटरी आखडणं वेगळं आणि हाड दुखणं वेगळं.

दृष्टिक्षेप
विसंगतीचा दावा तपासायची सर्वात चांगली जागा म्हणजे डोळा, कारण इथे कारण, यंत्रणा आणि प्रयोग तिन्ही हाताशी आहेत. खोलीत प्रकाश १०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचं एकक), बाहेर सावलीतही अनेकदा हजारोंमध्ये. तेजस्वी उजेडात नेत्रपटलात डोपामिन हे रसायन सुटतं आणि बुबुळापासून मागे होणारी नेत्रगोलाची लांबण (जिच्यामुळे दूरचं अंधुक दिसतं) आटोक्यात राहते. चीनमधल्या ग्वांगझोऊच्या १२ शाळांतल्या प्रयोगात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांत नव्याने दूरचं अंधुक दिसू लागण्याचं प्रमाण ३०.४ टक्के, तर इतर मुलांत ३९.५ टक्के. खिडकीजवळ बसवणं पुरत नाही. खिडकीपासून थोडं आत सरकलं की लक्स झपाट्याने घटतात. दिवसाला २ तास बाहेर हे लक्ष्य ठेवावं, सलग नसले तरी चालतील. थेट सूर्याकडे पाहायचं नाही, टोपी चालते.

अनुमान
एक भर: हा फायदा चष्मा लागण्याआधी स्पष्ट दिसतो. आधीच लागलेल्या चष्म्याचा नंबर वाढणं त्याने थांबेल, असा तितका भक्कम पुरावा नाही. तिथे नेत्रतज्ज्ञच हवा. पण दावा असाच मांडावा: काय बदललं, कोणत्या मार्गाने बिघडलं, उलट केलं तर सुधारतं का.

पायवाट
दूध, धान्य आणि अंधार पडताच झोपण्याचा आग्रह मागे घेतो, या कसोटीवर ते टिकत नाहीत. खुर्चीचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.