मदत हवी आहे: डीपड्रीमने आयर्विन पुलाखाली कुत्रीच कुत्री काढली आहेत, ती घालवायची कशी?

पडद्यामागची

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेचं नेपथ्य मी बघते. नवीन दोन अंकी नाटक बसतंय. महापुरात गच्चीवर अडकलेला म्हातारा आणि खाली गोठ्यात बांधलेली राहिलेली त्याची म्हैस, याहून जास्त कथानक सांगत नाही. मागच्या पडद्यावर आमचा कृष्णेवरचा आयर्विन पूल हवाय. सुरुवातीला साधा फोटो, आणि म्हाताऱ्याचं डोकं जसजसं फिरत जाईल तसतसं त्याच फोटोतलं पाणी आणि कमानी जिवंत होत जायला हव्यात.

त्यासाठी डीपड्रीम घेतलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गूगलमधल्या अलेक्झांडर मॉर्डविन्त्सेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे जगापुढे आणलं. फोटोत काय आहे ते ओळखायला शिकवलेलं न्यूरल नेटवर्क घ्यायचं, आणि त्याला फोटोत जे पुसटसं भासतंय तेच पुन्हा पुन्हा ठळक करत न्यायचं. मी कोलॅबवर (गूगलची ब्राउझरमध्येच कोड चालवायची सोय) टेन्सरफ्लो या न्यूरल नेटवर्कच्या साधनाचं तयार नोटबुक, म्हणजे कोडची फाइल, चालवते. नेटवर्क इन्सेप्शन व्ही३. त्यात मिक्स्ड३ आणि मिक्स्ड५ हे लेअर, म्हणजे नेटवर्कचे एकावर एक थर, दिलेले असतात, डोळे नीट उमटावेत म्हणून मी मिक्स्ड७ पण जोडला.

कमानींच्या पोकळीत डोळे येतात, ते फार सुंदर येतात. अडचण पाण्याची. पावसाळ्यातलं गढूळ पाणी, त्यात जिथे जिथे भोवरा आहे तिथे कुत्र्याचं तोंड. ओलं नाक, लोंबते कान, सगळं. तालमीत लावून बघितलं तर ऐन गंभीर प्रवेशात सगळे खो खो हसत सुटले. फोटो बदलला, सकाळचा घेतला, घाटावरून काढलेला घेतला, तरी कुत्री आहेतच.

दुसरं म्हणजे मोठा फोटो दिला की मेमरी संपली म्हणून कोलॅब बंद पडतं. पडदा वीस फूट रुंद आहे. कुणी हे केलंय का?

उंडगा

ताई, आता एक ओळ टाइप केली की हवं ते चित्र मिळतं. हे २०१५ चं मढं कशाला उकरताय?

पडद्यामागची

ते करून बघितलंय. त्यात पूल येतो, पण आयर्विन येत नाही, कुठला तरी दगडी पूल येतो. बाहेर चालेल, सांगलीत नाही चालणार. इथल्या माणसाला पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न 'आयर्विनला पाणी किती' हाच पडतो. ४५ फूट म्हणजे धोका हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक, आणि २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलेलं सगळ्यांनी पाहिलंय. एक कमान कमीजास्त झाली तर तिसऱ्या रांगेतून आवाज येईल. डीपड्रीम फोटो टाकून देत नाही, त्यातच काहीतरी शोधतं. मला नेमकं तेच पाहिजे.

मिरजेचे अण्णा

बरोबर आहे पोरी. पण कुत्री ठेवलीस तरी बिघडत नाही. पुरात बोटी यायच्या आधी गच्चीवर शेवटपर्यंत कुत्रीच होती.

रात्रपाळी

अण्णा, बात मे दम है, पण त्यांची कुत्री हसवतायत.

फोटो बदलून काही होणार नाही, कारण कुत्री फोटोत नाहीतच. हे नेटवर्क इमेजनेट नावाच्या संग्रहावर शिकलंय. साधारण १२ लाख फोटो, १००० प्रकार, आणि त्यातले १२० च्या आसपास प्रकार निव्वळ कुत्र्यांच्या जाती. पग आणि बुलडॉग यांतला फरक ओळखता यावा म्हणून नाक, कान, डोळे याच गोष्टी बघायला त्याला घासून घासून शिकवलंय. त्यामुळे दोन काळे ठिपके आणि खाली एक काळपट डाग दिसला की त्याला आधी कुत्राच आठवतो. शिकवताना फोटो कायम ठेवून नेटवर्कचे आकडे बदलतात. डीपड्रीममध्ये उलटं, नेटवर्क गोठवतात आणि फोटोचे पिक्सेल बदलतात. म्हणून जे त्याच्या डोक्यात भरलंय तेच बाहेर येतं.

उपाय लेअरमध्ये आहे. मिक्स्ड० ते मिक्स्ड१० असे अकरा आहेत. खालचे रेघा, पट्टे, जाळी, खवले असलं ओळखतात, वर जाल तसे डोळे, नाक, आख्खी तोंडं. मिक्स्ड७ काढून टाका. पाण्यासाठी मिक्स्ड१ किंवा मिक्स्ड२ घ्या, पाण्याला सापाच्या कातड्यासारखं काहीतरी येईल.

त्याहून चांगलं म्हणजे आख्खा लेअर न घेता त्यातलं एकच चॅनल, म्हणजे ठरावीक खूण शोधणारा लेअरचा एक भाग, घ्या. मिक्स्ड३ ते मिक्स्ड७ मध्ये प्रत्येकी ७६८ चॅनल आहेत आणि प्रत्येकाची आवड वेगळी. नोटबुकमध्ये लेअरच्या सगळ्या आउटपुटची सरासरी काढून ती वाढवतात, तिथे एकाच चॅनलची सरासरी घ्या. कुठलं चॅनल काय काढतं ते बघायला करड्या रंगाचा थोडा दाणेदार चौकोन द्या आणि रात्रभर लूप लावून ठेवा. सकाळी शेकडो छोटी चित्रं तयार असतील. त्यातून हवं ते निवडायचं. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

मेमरीसाठी त्याच नोटबुकात खाली ग्रेडियंट (कुठला पिक्सेल किती बदलायचा त्याचा हिशेब) तुकड्यातुकड्याने काढायची सोय आहे, ५१२ पिक्सेलचे तुकडे. दर वेळी चित्र थोडं सरकवून मग तुकडे पाडतात, म्हणून सांधे दिसत नाहीत. बहुतेक लोक वरचा साधा भाग चालवतात आणि तिथेच थांबतात.

सातारी कंदी

मी कासच्या फुलांच्या फोटोंवर आणि लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर हे बरंच खेळलोय. माझं म्हणणं, सगळ्या फोटोवर एकच माप लावूच नका. मुखवटा करा. गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोवर काळा थर टाकायचा, जिथे बदल हवा तिथे पांढरा ब्रश फिरवायचा. मग दर पायरीला येणाऱ्या ग्रेडियंटला या काळ्यापांढऱ्या चित्राने गुणायचं. काळ्या जागी शून्य, म्हणजे तिथला दगड जसाच्या तसा राहतो. विहिरीच्या कमानीवरचं कोरीवकाम मी असंच वाचवलं, फक्त आतलं पाणी बिघडवलं.

एक भानगड सांभाळा: नोटबुक चित्र लहानमोठं करतं आणि सरकवतं, तेव्हा मुखवटाही बरोबर तितकाच लहानमोठा व्हायला आणि सरकायला पाहिजे. नाहीतर आकाशात खवले येतात.

कठडा आणि खांबांच्या कडा काळ्या ठेवा. पूल ओळखू येतो तो कडांवरून.

पडद्यामागची

मुखवट्याची कल्पना एक नंबर! कुत्री गेली. मिक्स्ड२ ने पाणी आता असं दिसतंय की आत काहीतरी वळवळतंय पण दिसत नाही. दिग्दर्शक खूश.

आता हाव सुटली आहे. शेवटच्या प्रवेशात त्या पाण्यात म्हैस भासायला हवी. स्पष्ट नको, नुसती शिंगांची वळणं. हे आपल्या हातात असतं का, की नेटवर्क देईल ते घ्यायचं?

रात्रपाळी

असतं, आणि तुमचं नशीब जोरावर आहे. त्या हजार प्रकारांच्या यादीत वॉटर बफेलो आहे. शून्यापासून मोजलं तर ३४६ वा क्रमांक. (६३ व्या क्रमांकाला आपला नागही आहे, पुढच्या नाटकाला घ्या.)

यासाठी नेटवर्क वरच्या टोकासकट (फोटो कुठल्या प्रकारचा ते ठरवणारा शेवटचा भाग) लोड करावं लागेल, नोटबुकमध्ये ते टोक कापलेलं असतं. मग ३४६ चा आकडा वाढवत न्यायचा. टक्केवारी होण्याआधीचा कच्चा आकडा घ्या, म्हणजे सॉफ्टमॅक्स बंद करून. टक्केवारी घेतली तर नेटवर्क लबाडी करतं, म्हैस वाढवण्याऐवजी बाकीचं सगळं कमी करून टक्के वाढवून दाखवतं. टोकासकटच्या नेटवर्कला २९९ गुणिले २९९ चाच चौकोन लागतो, म्हणून तुकडे त्या मापाचे पाडा.

आख्खी म्हैस मात्र उभी राहणार नाही. शिंगं, ओलसर काळी पाठ, नाकाचा भाग, असे अवयव इकडेतिकडे विखुरलेले येतील. तुम्हाला तेच हवंय असं दिसतंय.

दुसरा रस्ता मार्गदर्शक फोटोचा. २०१५ च्या मूळ नोटबुकात तो होता: दुसरा एक फोटो द्यायचा आणि त्यातल्या खुणांशी जुळेल तेवढंच पहिल्या फोटोत वाढवायचं. शिंगांचा अगदी जवळून काढलेला फोटो द्या. पार्श्वभूमी साधी ठेवा, नाहीतर मागचा कडबाही पाण्यात उगवेल.

पडद्यामागची

दोन्ही करून बघितलं. यादीतल्या म्हशीपेक्षा फोटोतली सरस ठरली. हरिपूर रस्त्याला ओळखीच्यांचा गोठा आहे, तिथल्या मुऱ्हा म्हशीची शिंगं काढून आणली. घट्ट वळलेली, टोकाकडे चकचकीत, बुडाशी कड्याकड्यांची. मधल्या दोन कमानींखालच्या लाटा बरोबर तशाच वळल्यात. म्हशीचं नाव घेतल्याशिवाय कुणाला म्हैस दिसत नाही, नाव घेतलं की डोळ्यांपुढून हलत नाही.

आता शेवटचं. फ्लेक्स छापू की प्रोजेक्टर लावू? फ्लेक्सवाले म्हणतात फाइल जितकी मोठी तितकी आणा.

सातारी कंदी

फ्लेक्सवाल्यांचं ऐकू नका. नेटवर्कची नजर ठरावीक पिक्सेलएवढीच असते. फार मोठ्या फाइलवर चालवलंत तर शिंगं मुंगीएवढी होतील आणि मागच्या रांगेला नुसता खरखरीत कागद दिसेल. दोन हजार पिक्सेल रुंदीवर चालवा. वीस फुटांवर पसरलं की एक पिक्सेल तीन मिलिमीटरचा होतो, म्हणजे शंभर पिक्सेलचं शिंग फूटभर. नुसतं मोठं करायचं ते नंतर गिंपमध्ये करा.

रात्रपाळी

पण 'हळूहळू जिवंत' करायचं असेल तर प्रोजेक्टरच. यूट्यूबवर असतात तसे आत आत घुसत जाणारे व्हिडिओ करू नका, त्यात थोड्याच वेळात मूळ फोटो संपतो आणि तुमचा पूल जातो. फोटो जागच्या जागी ठेवा, दर काही पायऱ्यांनी चित्र जतन करत जा आणि ती एकातून एकात विरघळवत न्या. एका प्रवेशाला सात-आठ चित्रं भरपूर होतात. बदल होताना कुणाला कळू नये इतकं सावकाश ठेवा.

आणि स्टेजवरचा पिवळा दिवा पडद्यावर पडणार असेल तर चित्रातला गडदपणा आधीच वाढवून घ्या. गढूळ पाण्याचा रंग आणि तो दिवा एकच आहेत, शिंगं त्यात धुऊन जातील.

पडद्यामागची

दिवा आमचा पांढरा आहे, पण म्हाताऱ्याच्या हातात कंदील आहे. प्रकाशयोजनेवाल्यांना आजच गाठते.