सी प्रोग्राममधून लोड केलेल्या पायथन मॉड्यूलमध्ये फंक्शन सापडत नाही

प्रश्न:
वजनकाट्याच्या नोंदी वाचणारा आमचा प्रोग्राम सी भाषेत आहे. तफावत काढण्याचे नियम वारंवार बदलत असल्यामुळे तेवढाच भाग पायथनमध्ये लिहून ‘स्टॅटिस्टिक्स.पाय’ या फाइलमध्ये ठेवला आहे. ‘पायइम्पोर्ट_इम्पोर्टमॉड्यूल’ने मॉड्यूल लोड होते, म्हणजे ‘नल’ (रिकामे उत्तर, अपयशाची खूण) परत येत नाही. परंतु लगेच पुढच्या ओळीत ‘पायऑब्जेक्ट_गेटअ‍ॅट्रस्ट्रिंग’ने त्यातील ‘वजन_तफावत’ हे फंक्शन मागितले की ‘नल’ मिळते. त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून पायथनमध्ये इम्पोर्ट केले तर सर्व काही सुरळीत चालते. उबंटू २२.०४, पायथन ३.१०.

उत्तर १:
‘नल’ मिळाल्यावर ‘पायएर_प्रिंट’ (काय चुकले ते छापणारे फंक्शन) बोलावता का? त्याशिवाय अंदाज करणे व्यर्थ आहे. फंक्शनचे स्पेलिंगही एकदा तपासावे.

प्रश्नकर्ता:
स्पेलिंग बरोबर आहे. ‘स्टॅटिस्टिक्स’ मॉड्यूलमध्ये ‘वजन_तफावत’ नावाचे अ‍ॅट्रिब्यूट (मॉड्यूलमधील फंक्शन किंवा व्हेरिएबल) नाही, असा संदेश येतो. फाइल मात्र डोळ्यांसमोर उघडी आहे आणि फंक्शन तिच्यात आहे.

उत्तर २:
लोड झालेली फाइल तुमची नाहीच. मॉड्यूल हाती आल्यावर ‘पायमॉड्यूल_गेटफाइलनेमऑब्जेक्ट’ने त्याचा मार्ग छापून पाहा, तेथे पायथनच्या प्रमाण लायब्ररीतील, आवृत्ती ३.४ पासून असलेल्या ‘स्टॅटिस्टिक्स’चा मार्ग दिसेल. टर्मिनलवर पायथन सुरू केल्यास चालू फोल्डर ‘सिस.पाथ’मध्ये, म्हणजे मॉड्यूल शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, सर्वांत आधी येतो, म्हणून तेथे तुमची फाइल सापडते. सी प्रोग्राममधून नुसते ‘पाय_इनिशियलाइझ’ केले तर चालू फोल्डर त्या यादीत घातलाच जात नाही, आणि तुम्ही दिलेले नाव नेमके लायब्ररीतही असल्यामुळे चूक न दिसता भलतेच मॉड्यूल हाती पडते. नाव वेगळे असते तर इम्पोर्टच्या ओळीवरच अडला असता आणि कारण पाच मिनिटांत कळले असते.

यादीच्या शेवटी फोल्डर जोडून उपयोग नाही, कारण लायब्ररी आधी सापडेल. सुरुवातीला घातल्यास तुमचे काम होईल, पण पुढे ज्या कोणत्या मॉड्यूलला खरे ‘स्टॅटिस्टिक्स’ हवे असेल, त्याच्या गळ्यात तुमची फाइल पडेल. फाइलचेच नाव बदलावे.

उत्तर ३:
वरील उत्तर योग्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की ‘सिस.पाथ’मध्ये नुसता टिंब जोडू नये. टिंब म्हणजे चालू फोल्डर, एक्झिक्युटेबलचा फोल्डर नव्हे. हाच प्रोग्राम उद्या सिस्टमडीची (लिनक्सवर पार्श्वभूमीतील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची) सेवा म्हणून चालवला, तर वेगळे काही सांगितले नसल्यास चालू फोल्डर मुळाचा, म्हणजे ‘/’ असतो आणि इम्पोर्ट पुन्हा अडते. पूर्ण मार्गच द्यावा. काट्याचे वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्राममधील समांतर चालणाऱ्या धाग्यात) होत असेल, तर त्या थ्रेडमधून पायथनला हात लावण्यापूर्वी ‘पायजीआयएलस्टेट_एन्शुअर’ (पायथनचे कुलूप घेणे) आणि काम झाल्यावर ‘पायजीआयएलस्टेट_रिलीज’ (ते सोडणे) विसरू नये. हे राहून गेले की प्रोग्राम कधी चालतो, कधी कोसळतो.

प्रश्नकर्ता:
मार्ग छापला, तो खरोखरच ‘यूएसआर/लिब/पायथन३.१०’मधला निघाला. फाइलचे नाव ‘काटा_हिशेब.पाय’ केले, तेव्हा मॉड्यूल सापडत नसल्याची चूक प्रथमच दिसली, आणि पूर्ण मार्ग जोडल्यावर फंक्शन मिळाले. थ्रेड सध्या एकच आहे.