सोडियम लहान असूनही पोटॅशियमच्या वाटेने का जात नाही?

प्रश्न
पेशीपटल हे निवडक्षम पारपटल (ठरावीक पदार्थांनाच जाऊ देणारे पटल) आहे, एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही. लहान कण आत जातात आणि मोठे अडतात, असा माझा समज होता. परंतु पोटॅशियम आयनाची त्रिज्या सुमारे १.३३ अँगस्ट्रॉम आणि सोडियमची ०.९५ अँगस्ट्रॉम असतानाही पोटॅशियमची वाहिनी, म्हणजे पटलातील त्याच्यासाठीची प्रथिनाची वाट, सोडियमला जवळजवळ जाऊच देत नाही, हे वाचल्यापासून तो समज टिकेनासा झाला आहे. चाळणीतून जाडे पडावे आणि बारीक वर राहावे, हे कसे घडते?

पहिला प्रतिसाद
चाळणीची उपमा येथे सोडूनच द्यावी लागेल. पटलाचा गाभा मेदाचा असल्यामुळे मेदात विरघळणारे ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड विसरणाने सहज पार होतात. आयनाभोवती मात्र पाण्याच्या रेणूंचे घट्ट वेष्टन असते आणि ते सोडून मेदात शिरण्यासाठी फार मोठी ऊर्जा लागते. वाहिनी नेमकी हीच अडचण दूर करते: तिच्या सर्वांत अरुंद भागात प्रथिनातील ऑक्सिजन अणू अशा अंतरावर बसलेले असतात, की पोटॅशियमने सोडलेल्या पाण्याची जागा ते चपखल भरून काढतात. सोडियम लहान असल्यामुळे ते सगळे अणू त्याला एकाच वेळी भिडू शकत नाहीत; पाणी सोडण्याची भरपाई न झाल्याने तो बाहेरच राहतो. म्हणजे त्याचे लहानपणच त्याच्या आड येते. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूतील अशा वाहिनीची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली, तेव्हा ही मांडणी प्रत्यक्ष दिसली. मला ती जीवशास्त्रातील अत्यंत देखण्या रचनांपैकी एक वाटते.

दुसरा प्रतिसाद
वरील विवेचनाला एक जोड द्यावीशी वाटते. वाहिनीतून आयन उताराच्याच दिशेने, म्हणजे जास्तीकडून कमीकडे जातात, चढाच्या दिशेने नाही. पेशीत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त, हा फरक टिकवण्याचे काम सोडियम-पोटॅशियम पंप करतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्चून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना त्याचा शोध लावला.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. वाहिनी एवढी काटेकोर असेल, तर पंप काही काळ थांबल्याने पेशीचे काय बिघडावे?

दुसरा प्रतिसादक
पोटॅशियमची वाहिनी काटेकोर असली, तरी सोडियमला आत येण्याच्या इतर वाटा आहेत. उदाहरणार्थ, आतड्याच्या पेशींत ग्लुकोज सोडियमच्या सोबतीनेच आत येते. पंप थांबला की आत आलेले सोडियम बाहेर टाकले जात नाही, आतील द्रावण संहत होत जाते आणि परासरणाने पाणी आत शिरते. वनस्पतिपेशीला भित्तिकेचा आधार असतो. प्राणिपेशी मात्र फुगत जाते आणि अखेरीस फुटते.